खायचे दात आणि दाखवायचे दात : कुत्र्या-मांजरांची पहिली दंतसफाई करून घेताना

आमचा बंड्या ८ वर्षांचा पॉमेरेनियन होता तेव्हाची गोष्ट. अंघोळीला आणि केस कापायला त्याला जिथे न्यायचो, तिथे एकदा पॅकेजमध्ये 'दात साफ' हेही होतं. दोघांनी त्याला धरलं, तिसऱ्याने आकड्यासारख्या हत्याराने दात खरवडले आणि २० मिनिटांत ते इतके पांढरे झाले की आम्ही घरी येऊन फोटो काढले. साडेतीन महिन्यांनी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. आम्हाला वाटलं, गांधीलमाशी चावली असेल. भूल देऊन एक्स-रे काढला तेव्हा कळलं की वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू साठला होता आणि शेजारच्या दातांचं हाड खालून पोखरलेलं होतं. त्या दिवशी बंड्याचे ७ दात गेले. सातही वरून स्वच्छ, फोटोत छान दिसणारे.

हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, असं आपण म्हणतो. कुत्र्या-मांजरांच्या दंतसफाईत नेमका हाच घोळ होतो. सफाई दिसते ती हिरडीच्या वर, आजार असतो हिरडीच्या खाली. पहिल्यांदाच डॉक्टरांकडे दातांसाठी निघाला असाल तर एवढं लक्षात ठेवा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

निघण्याआधी : आपल्या आणि त्यांच्या तोंडातला फरक

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, मांजराला ३०. दुधाचे अनुक्रमे २८ आणि २६. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत पक्के दात आलेले असतात.

आपल्याकडे दात दुखला की पहिला शब्द येतो 'कीड'. कुत्र्यांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. त्यांना कीड फार क्वचित लागते, मांजरांना तर जवळजवळ नाहीच. त्यांची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे कीड कमी, पण किटण जास्त. दातावर जंतूंचा चिकट थर काही तासांतच बसतो. लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत तो दगडासारखा कडक व्हायला लागतो. तेच ते पिवळं-तपकिरी किटण. किटण दिसायला घाण, पण खरा उपद्रव हिरडीच्या कडेखाली शिरलेल्या जंतूंचा. तिथे सूज येते, हिरडी दातापासून सुटते, खिसा तयार होतो आणि मग आतलं हाड झिजायला लागतं. नुसती हिरडी सुजली असेल तर ती पूर्ववत होते. झिजलेलं हाड मात्र परत येत नाही.

पायरी १ : घरी ओठ उचलून बघा

तोंड उघडायच्या भानगडीत पडू नका. त्याची गरजही नाही आणि ठकीसारखी मांजर घरात असेल तर बोटांची खैर नाही. (ठकी ही आमची मांजर. नाव तिने कमावलेलं आहे.) प्राणी निवांत असताना शेजारी बसा, एका हाताने डोकं हलकेच धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ बाजूने मागे ओढा. तीन सेकंद बघा, सोडा, लाड करा. दुसरी बाजू उद्या बघितली तरी चालेल.

सगळ्यात आधी वरच्या मागच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला नजर टाका. लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीचं तोंड तिथेच उघडतं, म्हणून किटण तिथे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त साठतं. पुढचे दात स्वच्छ आणि मागची दाढ विटेच्या रंगाची, हे दृश्य अगदी नेहमीचं. मग हिरडीची कड बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते; आपल्या देशी कुत्र्यांत ती काळपट किंवा ठिपक्यांची असू शकते, तो रंग जन्मजात असतो. दाताला लागून लाल रेघ दिसली तर ती सूज. मांजराच्या दातावर हिरडीचा लाल तुकडा चढल्यासारखा दिसला तर लगेच फोटो काढून ठेवा. ते काय असतं ते पुढे सांगते.

वासाबद्दल एक गैरसमज घराघरांत आहे, 'कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच'. खाल्लेल्या मासळीचा वास तासाभरात जातो. रोज सकाळी येणारा कुजका वास हा आजाराचाच वास असतो. लघवीसारखा उग्र वास येत असेल तर दातांपेक्षा मूत्रपिंडाची तपासणी आधी करावी लागते.

वागण्यातल्या खुणा जास्त फसव्या असतात. 'तो जेवतोय ना, मग दुखत नसेल' हे मी स्वतः कितीतरी वेळा म्हटलं आहे. भूक दुखण्यापेक्षा मोठी असते, म्हणून ते जेवतात. बघायचं ते कसं जेवतात ते: एकाच बाजूने चावणं, दाणे तोंडातून पडणं, न चावता गिळणं, कुत्र्याने दोरी ओढायचा खेळ अचानक बंद करणं. मांजर भांड्याशी धावत येते, एक घास घेते आणि फिस्कारून पळते, जणू भांडंच चावलं. लाळ गळणं, जबडा थरथरणं, अंग चाटणं कमी होऊन केस विस्कटलेले राहणं, याही खुणाच. जेवल्यावर सारख्या शिंका येत असतील किंवा एकाच नाकपुडीतून पाणी येत असेल, तर वरच्या सुळ्याच्या मुळाशी नाकापर्यंत भोक पडलेलं असू शकतं. छोट्या जातींत आणि डॅशहुंडांत हे होतं, आणि लोक महिनोन् महिने सर्दीची औषधं देत बसतात.

पिल्लू असेल तर एक वेगळी गोष्ट तपासा. दुधाचा सुळा आणि पक्का सुळा शेजारी शेजारी उभे दिसले, तर दुधाचा आपोआप पडेल म्हणून वाट बघू नका. एका जागी एकाच वेळी दोन दात असता कामा नयेत. पॉमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा, यॉर्कशायर या मंडळींत हे फार होतं. नसबंदीसाठी भूल देणारच असाल तर त्याच वेळी हे दात काढून घेता येतात. आधी सांगून ठेवा, म्हणजे दोनदा भूल पडत नाही.

पायरी २ : जायचं कधी

अमेरिकेतल्या प्राणी-रुग्णालयांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेला ठोकताळा असा: मांजरं आणि लहान-मध्यम कुत्री यांची पहिली पूर्ण दंततपासणी व सफाई वर्षाच्या आत-बाहेर, मोठ्या जातींची दोन वर्षांच्या आसपास. आपल्याकडे इतक्या लवकर कुणी जात नाही, आणि मी लोकांना तसा आग्रहही धरत नाही. पण दरवर्षी लसीला जाता, त्या वेळी 'डॉक्टर, जरा दातही बघा' एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत. पग, शिह त्झू, पर्शियन अशा बसक्या चेहऱ्यांच्या जातींत जबडा आखूड आणि दात मात्र तेवढेच. गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहावेत तसे आडवे-तिडवे. त्यांची वेळ लवकर येते.

सूज, रक्त, तुटलेला दात किंवा जेवण बंद असेल तर लसीची वाट बघू नका.

पायरी ३ : डॉक्टर निवडताना फोनवर विचारायचे प्रश्न

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्यानुसार नोंदणी असलेल्या पशुवैद्यकानेच उपचार करायचे असतात. दात साफ करणं हा उपचार आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. त्यामुळे केस कापणाऱ्याकडची 'दंतसेवा' ही पहिली फुली.

पण नोंदणी असलेल्या प्रत्येकाकडे दातांची सोय असतेच असं नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्यांचं. तिथे ही यंत्रं नसतील तर त्यात डॉक्टरांचा दोष नाही. जवळ काही नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं विचारात घ्या. मुंबईत परळचं महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही आहेत. तिथे शस्त्रक्रिया विभागात आधी फोन करून दातांच्या कामाचे दिवस विचारून घ्या. रांग असते, डबा घेऊन जा.

फोनवर मी हे विचारते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालता का? भूल चालू असताना प्राण्यावर लक्ष ठेवायला वेगळी व्यक्ती असते का? हिरडीखाली साफ करता का? दातांचा एक्स-रे तोंडात प्लेट ठेवून काढता येतो का? शेवटी पॉलिश करता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर मी फोन ठेवते. स्केलर, म्हणजे किटण काढायचं यंत्र, चालतो तेव्हा त्यातून सतत पाण्याचा फवारा उडतो आणि त्यात किटणाचे तुकडे, रक्त, जंतू असतात. नळी नसेल आणि प्राणी नुसत्या इंजेक्शनच्या गुंगीत असेल, तर ते सगळं फुफ्फुसात जाऊ शकतं. दातांचा एक्स-रे मात्र आजही बऱ्याच ठिकाणी नसतो. हिरडी नुसती लाल असेल तर त्यावाचून अडणार नाही. दात हलत असेल, तुटला असेल किंवा रुग्ण मांजर असेल, तर एक्स-रे असलेलंच ठिकाण शोधा, थोडं लांब पडलं तरी.

भूल नको, तसंच साफ करा, असं म्हणावंसं वाटतं तेव्हा

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि तो प्रेमातूनच येतो. 'एवढ्याशा कामासाठी बेशुद्ध करायचं? नाही उठला तर?' आमच्या सासूबाईंनी तर बंड्याच्या वेळी नवस बोलला होता.

भूल न देता केलेल्या सफाईला अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांच्या संस्थेचा स्पष्ट विरोध आहे आणि लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच म्हटलं आहे. कारणं साधी आहेत. जागा असलेला कुत्रा हिरडीखाली टोकदार हत्यार घालू देणार नाही, दुखतं. आतल्या, जिभेकडच्या बाजूला कुणी पोहोचू शकत नाही. खिशांची खोली मोजता येत नाही, एक्स-रे निघत नाही. उरतं ते बाहेरचं खरवडणं. त्यात दाताला बारीक ओरखडे पडतात, पॉलिश होत नाही आणि त्या खरखरीत दातावर नवा थर आधीपेक्षा लवकर बसतो. वर मालकाचं समाधान झालेलं असतं, त्यामुळे पुढचं वर्षभर कुणी तोंडात बघत नाही. बंड्याच्या बाबतीत आमचं नुकसान झालं ते या समाधानाने.

भूल धोक्याची नाहीच, असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. धोका असतो, म्हातारपण, हृदय, मूत्रपिंड, बसका चेहरा यांनी तो वाढतो. पण तो मोजता येतो आणि कमी करता येतो, पुढची पायरी त्यासाठीच. नुसतं वय झालं म्हणून भूल नाकारायची नसते. तोंडात पू घेऊन जगणाऱ्या ११ वर्षांच्या कुत्र्यालाही रोजचा धोका आहेच.

पायरी ४ : आधीच्या तपासण्या

रक्ताची साधी तपासणी, यकृत, मूत्रपिंड आणि साखर एवढं किमान. मोठ्या वयात लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. हृदयात मरमर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू आली तर २डी इको.

आपल्या हवामानात एक गोष्ट हट्टाने करून घ्या: प्लेटलेट्स आणि गोचीडतापाची तपासणी. कोकणात काय किंवा देशावर काय, गोचीड बारमाही. गोचीडताप आणणाऱ्या एर्लिकिया या जंतूचा संसर्ग अंगात मुरलेला असतो, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि प्लेटलेट्स मात्र खाली गेलेल्या असतात. अशा कुत्र्याचा दात काढला तर रक्त थांबता थांबत नाही. आधी ताप बरा करायचा, दात महिन्याभराने. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली तर ते टाळाटाळ करत नाहीत, शहाणपण करत आहेत.

मांजराच्या हिरड्या आणि घशाचा मागचा भाग लालभडक असेल तर ल्युकेमिया आणि एफआयव्ही या विषाणूंची चाचणीही डॉक्टर सुचवतील.

याच भेटीत खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि एक नव्हे तर दोन आकडे मागा: नुसती सफाई झाली तर किती, आणि दात काढावे लागले तर दाताला किती. किती दात काढावे लागतील हे भूल दिल्यावरच कळतं, आणि दुपारी बाराला फोनवर 'अजून चार काढायचेत' असं ऐकलं की माणूस गडबडतो. 'एवढ्या रकमेपर्यंत विचारू नका, त्यापुढे फोन करा' असं आधीच ठरवून सांगा. आणि त्या दिवशी फोन उचला. बंड्याच्या वेळी मी मीटिंगमध्ये होते आणि डॉक्टर २५ मिनिटं थांबले. म्हणजे बंड्या भुलेखाली २५ मिनिटं जास्त राहिला.

पायरी ५ : आदली रात्र आणि सकाळ

मोठ्या प्राण्याला साधारण ६ ते ८ तास अन्न नाही. पाणी सकाळपर्यंत चालतं. पिल्लं, अगदी छोट्या जाती आणि मधुमेही प्राणी यांचा नियम वेगळा, तो डॉक्टरांनाच विचारा; इन्सुलिन किंवा हृदयाची गोळी सकाळी द्यायची का, तेही. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना रात्रीच बजावा. सकाळी 'बिचारा उपाशी' म्हणून दिलेलं एक बिस्कीट आख्खा दिवस रद्द करू शकतं, आणि लपवलं तर त्याहून वाईट.

मांजर पिंजऱ्यात, आत तिच्याच अंथरुणाचा तुकडा. कुत्र्याला निघण्याआधी फिरवून आणा.

पायरी ६ : दाराआड काय चालतं

आपण बाहेर बाकावर बसलेलो असतो, म्हणून आत काय होतं ते माहीत असलेलं बरं.

पुढच्या पायाला सुई लावतात, आधी शांत करणारं औषध, मग झोपेचं. घशातून श्वासनलिकेत नळी जाते. तिच्या टोकाचा छोटा फुगा फुगवला की पाणी खाली उतरत नाही. नळीतून ऑक्सिजन आणि भुलेचा वायू. जिभेला किंवा कानाला क्लिप, रक्तदाबाचा पट्टा, छातीवर ईसीजीच्या तारा. फवाऱ्याने अंग भिजतं आणि लहान जीव पटकन गार पडतो, म्हणून खाली ऊब लागते.

मग खालच्या-वरच्या प्रत्येक दाताभोवती बोथट टोकाची, खुणा असलेली बारीक सळई फिरवतात. कुत्र्यात खिशाची खोली साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, मांजरात जेमतेम १. त्यापुढचे आकडे एका तक्त्यावर लिहिले जातात. हा तक्ता मागून घ्या. पुढच्या वर्षी आजार वाढला की थांबला, हे फक्त त्यावरूनच कळतं.

एक्स-रे याच वेळी. दाताचा मोठा भाग हाडात दडलेला असतो. कुत्र्याच्या सुळ्याचं मूळ तर दिसणाऱ्या सुळ्यापेक्षा लांब. मांजरांत एक विचित्र आजार असतो: त्यांचंच शरीर दात आतून-बाहेरून विरघळवायला लागतं. मघाशी म्हटलेला दातावर चढलेला लाल तुकडा तोच. वरून टिकलीएवढा खड्डा, आत मूळ जवळजवळ संपलेलं, आणि दुखणं भयंकर. अशा दाताला भरणं वगैरे करून उपयोग नसतो, तो काढावाच लागतो. मूळ हाडात पूर्ण मिसळून गेलं असेल तर नुसता वरचा भाग कापून हिरडी शिवता येते, मूळ शाबूत असेल तर सगळाच काढावा लागतो. हे दोन्ही ओळखायला एक्स-रे हाच एक मार्ग, म्हणून मांजराच्या बाबतीत मी एवढी अडून बसते.

मांजरवाल्यांनी आणखी एक गोष्ट नम्रपणे विचारावी: तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगची कैची वापरता का? जबडा फार वेळ पूर्ण ताणला गेला तर मांजरांत मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा दाबला जातो; त्यातून अंधत्व आल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत.

त्यानंतर स्केलिंग, हिरडीच्या वर आणि खाली, मग पॉलिश, मग धुऊन शेवटची नजर. नुसत्या सफाईला तासभर, दात काढायचे असले की कितीही.

पायरी ७ : 'दात काढावे लागतील' म्हटल्यावर

काळजात धस्स होतं, माहीत आहे. 'मग तो जेवेल कसा?' छान जेवेल. रानात शिकार करायची असती तर गोष्ट वेगळी. वाटीतला भात खायला दात लागत नाहीत. दुखरा दात गेल्यावर प्राणी खुलतात, आणि मालक म्हणतात 'आम्हाला वाटलं तो म्हातारा झालाय'. बंड्या तिसऱ्या दिवशी चप्पल पळवायला लागला. गेल्या दोन वर्षांत त्याने हे केलं नव्हतं, आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

दात काढण्याआधी त्या बाजूला बधिर करण्याचं इंजेक्शन देतात ना, हे विचारा. भूल असली तरी ते हवं. मोठी दाढ उपटायची नसते. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात, ड्रिलने तिचे भाग करून एकेक मूळ वेगळं काढतात. छोट्या कुत्र्यात खालच्या मोठ्या दाढेभोवतीचं हाड आजाराने इतकं पातळ झालेलं असतं की जोर लावला तर जबडाच मोडतो. काढून झाल्यावर मुळाचा तुकडा राहिला नाही ना, यासाठी पुन्हा एक्स-रे.

तुटलेल्या पण मजबूत सुळ्यासाठी रूट कॅनल हा पर्याय असतो. फार थोड्या ठिकाणी होतो, महाग पडतो. आपल्या घरातल्या कुत्र्याला तो हवाच असं मला वाटत नाही; दात तुटून आतली लाल-काळी नस दिसत असताना काहीच न करणं मात्र चालणार नाही. मांजराला तोंडभर सूज येण्याचा चिवट आजार असेल तर डॉक्टर मागचे सगळे किंवा तोंडातले सगळेच दात काढायला सांगतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण बऱ्याच मांजरांना त्यानेच आराम पडतो.

पायरी ८ : घरी आणल्यावर

पहिली रात्र जमिनीवर अंथरूण, पलंगावर नाही, तोल जातो. लाळेत थोडं गुलाबी रक्त चालतं. थेंब थेंब गळत राहिलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, श्वास जड वाटला किंवा दुसऱ्या दिवशीही उठेना तर फोन लावा. घरात दुसरी मांजर असेल तर ती दवाखान्याच्या वासामुळे आलेल्या पेशंटवरच फिस्कारेल. एक रात्र दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा, वास गेला की भांडण मिटतं.

दात काढले असतील तर १० ते १४ दिवस मऊ अन्न: मऊ खिमट भात आणि कुस्करलेलं बिनमसाल्याचं चिकन, किंवा दाणे कोमट पाण्यात भिजवून. कांदा-लसूण नाही. खेळणी, दोरी, काठी सगळं उचलून ठेवा. टाके बहुधा विरघळणारे असतात, तरी दाखवायला जा.

दुखण्याचं औषध फक्त डॉक्टरांनी दिलेलं. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावते. मागच्या वेळचं उरलेलं औषधही अंदाजाने देऊ नका. अँटिबायोटिक मिळालं नाही म्हणून नाराज होऊ नका, प्रत्येक सफाईनंतर ते लागत नाही.

पायरी ९ : ब्रश, आणि नळ्यांचा मोह

सफाई झाली त्याच दिवसापासून नवा थर बसायला लागतो. हिरड्या बऱ्या झाल्या की ब्रश सुरू. घाई केली तर कायमचं बिनसतं, म्हणून हळूहळू: पहिले काही दिवस नुसतं ओठाला बोट, मग बोटावर पेस्ट चाटायला, मग बोटाला गुंडाळलेल्या मऊ कापडाने बाहेरून एक फेरी, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लहान मुलांचा मऊ ब्रश. फक्त दातांची बाहेरची बाजू, ब्रश हिरडीच्या कडेकडे तिरका. रोज केलं तर उत्तम, एक दिवसाआड तरी हवंच. रविवारी एकदा घासून काही हाती लागत नाही.

आपली टूथपेस्ट वापरायची नाही. ते थुंकत नाहीत, गिळतात. फ्लोराइड त्रास देतं आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्यासाठी ते विषच. मीठ, सोडा, राखुंडी ही खरखरीत मंडळी नकोत, आणि मशेरी कुणी गमतीतही सुचवली तर त्यात तंबाखू असतो हे सांगा. ठकीने ब्रशला कधीच हात लावू दिला नाही. तिच्यासाठी चघळण्याच्या किंवा पाण्यात घालायच्या वस्तू घेताना आम्ही पाकिटावर व्हीओएचसी हा शिक्का शोधतो. अमेरिकेतली पशु-मुखआरोग्य परिषद चाचण्यांचे निकाल तपासून तो देते. साधे कोरडे दाणे दात साफ करतात हा मात्र भ्रम आहे. दाताचं टोक लागताच दाणा फुटतो, हिरडीच्या कडेपर्यंत काही पोहोचत नाही.

राहता राहिल्या नळ्या. मटणवाल्याकडून रविवारी कुत्र्यासाठी नळी आणणं हा अनेक घरांतला प्रेमाचा भाग आहे आणि माझे वडील त्यात आघाडीवर होते. वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा सपकन तुटतो तो बहुतेक अशाच वेळी. शिजवलेलं हाड असेल तर त्याच्या किरच्या निघतात त्या वेगळ्या. शिंगं, खूर, दगड, बर्फाचे मोठे खडे, तीच गोष्ट. वस्तू हातात घेऊन तिच्यावर अंगठ्याचं नख दाबा. नखाचा खळगा उमटला तर द्या. नाहीच उमटला, तर ती वस्तू दातांसाठी फार कडक आहे. वडिलांनी ही परीक्षा बंड्याच्या नळीवर घेतली, नख मोडून घेतलं आणि त्या रविवारपासून ते त्याच्यासाठी मटणाचा खिमा आणू लागले.